यजमान सरकारच कोसळते तेव्हा

परक्या देशातल्या दूतावासाला संरक्षण देणे हे यजमान देशाचे काम. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचे २२वे कलम सांगते की राजदूताच्या संमतीशिवाय यजमान सरकारचे पोलीसही आवारात शिरू शकत नाहीत. बाहेरचा जमाव मात्र त्याच पोलिसांनी अडवायचा. म्हणजे सगळी भिस्त यजमानावर. काबूलमध्ये १५ ऑगस्ट २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले आणि हा यजमानच उरला नाही.

भारताने माघारीला आधीच सुरुवात केली होती. कंदाहारच्या वाणिज्य दूतावासातले भारतीय कर्मचारी जुलैत परतले, मझार-ए-शरीफचे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. ७ जुलै २००८ रोजी काबूलच्या दूतावासाच्या फाटकावर झालेल्या आत्मघातकी स्फोटात तिथले अधिकारी ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि व्ही. वेंकटेश्वर राव यांच्यासह पन्नासहून अधिक जण मारले गेले होते. त्या आठवणीनंतर उशीर करणे परवडणारे नव्हते.

निघण्याआधी गोपनीय कागद आणि सांकेतिक यंत्रे नष्ट करावी लागतात, आणि ती पुरती. १९७९ मध्ये ताब्यात घेतलेल्या तेहरानच्या अमेरिकी दूतावासात यंत्रातून कापलेल्या कागदांच्या पट्ट्या इराण्यांनी पुढे चिकाटीने जोडून छापल्या. त्या दूतावासाचे ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले.

सर्वांत धोक्याचा टप्पा असतो तो फाटकापासून विमानतळापर्यंतचा. काबूलमध्ये तो रस्ता तालिबानच्या ताब्यात होता, तर विमानतळ अमेरिकी सैन्याच्या. त्यामुळे दोघांशीही बोलल्यावाचून वाट मोकळी होणे शक्य नव्हते. भारतीय कर्मचाऱ्यांची पहिली तुकडी १६ ऑगस्टला परतली. राजदूत रुद्रेंद्र टंडन, उरलेले कर्मचारी आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान १७ तारखेला सी-१७ विमानाने जामनगरमार्गे हिंडनला पोहोचले.

स्थानिक कर्मचारी मागे राहिले. व्हिएन्ना करार यजमान देशाच्याच नागरिकांना फारच थोडे संरक्षण देतो. वर्षानुवर्षे दूतावासाचे दार सांभाळणाऱ्या माणसांच्या बाबतीत ही त्रुटी क्रूर आहे. त्यांचा विचार माघारीच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवा.

कर्मचारी परत बोलावले म्हणून संबंध तुटत नाहीत. ४५व्या कलमानुसार रिकामी वास्तू आणि दप्तर जपण्याचे बंधन यजमानावर कायम राहते. जून २०२२ मध्ये भारताचे तांत्रिक पथक काबूलच्या त्याच दूतावासात परतले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा झाली.