परसबागेतील रासबेरी : जात कोणती निवडावी ?

महाबळेश्वरची तांबडी रासबेरी चाखून आल्यावर मंगळवार पेठेतील आपल्या परसातही ती लावावी, अशी इच्छा होणे साहजिक आहे. परंतु रोपांस पैसे घालण्यापूर्वी जातीचा विचार अवश्य करावा. महाबळेश्वर सुमारे ४५०० फूट उंचीवर, तर कोल्हापूर १९०० फुटांच्या आत. तांबड्या विलायती जातींस फुलोऱ्यापूर्वी शेकडो तास ४५ अंश फॅरनहाइटखालील थंडी लागते. ती येथे मिळत नाही. झाड जगले तरी फळाची खात्री नसते.

येथे निवडावी ती म्हैसुरी काळी रासबेरी, म्हणजे गौरीफळ. ही सह्याद्रीतीलच असून हिला कडक थंडीची अपेक्षा नसते. अमेरिकेतील उष्ण फ्लोरिडातही ती परसबागांतून लावतात.

काळ्या चिकण जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. यास्तव पोयटा व कुजलेले शेणखत घालून फूटभर उंच वाफा करावा. झाडांत आठ फूट अंतर ठेवून तारेचा आधार द्यावा. फळ तांबडे दिसताच तोडू नये; काळे होऊन सहज सुटू लागले म्हणजे तोडावे. फळ देऊन गेलेल्या काठ्या बुडाशी छाटाव्यात. लांब फांदीचा शेंडा मातीत दाबल्यास नवे रोप मिळते.

मात्र हे काटेरी झुडूप मोकाट सोडू नये. पाखरे बी पसरवितात. गॅलापॅगोस बेटांत हिने रानेच्या राने व्यापली आहेत. शिवाय बी मागविताना नाव नीट पाहावे. ‘रसभरी’ म्हणून मिळणारे वेष्टणातील पिवळे फळ अगदी निराळे होय.