मुख्याध्यापक वर्गात कधी जातात?

खेड्यातली शाळा : लेखांक ६

पनवेल तालुक्यातल्या गव्हाणला खेडे म्हणावे की शहर, असा प्रश्न कुणालाही पडेल. १९७० साली सिडको आली, पुढे भातखाचरे आणि मिठागरे संपादनात गेली, शेजारी उलव्याचे टॉवर उभे राहिले. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. एवढे सगळे उंबऱ्याशी येऊनही गावचा कारभार ग्रामपंचायतीकडेच आहे, आणि मराठीतून शिकणाऱ्या मुलांसाठी रयत शिक्षण संस्थेचे छत्रपती शिवाजी विद्यालय आहे. बंदरात, गोदामात, विमानतळावर जी कामे निघतात, त्यांतली हमालीची सोडली तर बाकी बहुतेकांना नीट वाचता येणारा आणि हिशेब जमणारा माणूस लागतो. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याने अर्ज आत जाईल, पुढची परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागते. अशा टापूतल्या शाळेत मुले नेमकी किती शिकतात आणि त्यात मुख्याध्यापकाचा वाटा किती, हा या लेखांकाचा विषय. माझे म्हणणे असे की मुख्याध्यापकामुळे मुलांच्या शिकण्यात फरक पडतो आणि तो बराच पडतो. पण ती वाट वर्गातून जाते. वर्गाला वळसा घालून केलेले नेतृत्व कितीही धडाडीचे असले तरी मुलांच्या वहीपर्यंत पोहोचत नाही.

हे म्हणणे हवेतले नाही. न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली आधीचे २७ अभ्यास एकत्र करून तपासले. शिक्षकांना प्रेरणा देणारे, स्वप्न दाखवणारे मुख्याध्यापक एकीकडे आणि अध्यापनातच लक्ष घालणारे दुसरीकडे, अशी तुलना केली तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या कामाचा मुलांच्या संपादणुकीवरचा परिणाम पहिल्याच्या तीन-चार पट निघाला. त्यातही सर्वांत मोठा परिणाम कशाचा? शिक्षक काही नवे शिकत असताना मुख्याध्यापक स्वतः त्यांच्यात बसून शिकतात, याचा. अमेरिकेतल्या संशोधनाचा २०२१ साली असाच मोठा आढावा निघाला. कमी प्रतीच्या मुख्याध्यापकाच्या जागी चांगला आला तर शाळेतल्या सरासरी मुलाला वर्षाकाठी जवळजवळ तीन महिन्यांच्या जादा शिकण्याइतका फायदा होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. एक चांगला शिक्षक एका वर्गाला जे देतो ते इथे सगळ्या शाळेला मिळते, म्हणून या आकड्याचे मोल मोठे.

परदेशातले आकडे इथे कशाला, असे कुणी म्हणेल, तर आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहू. तिथे शाळांचे मूल्यमापन करायचे, प्रत्येक शाळेने आपला सुधारणा आराखडा तयार करायचा आणि अधिकाऱ्यांनी भेटी देऊन पाठपुरावा करायचा, असा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी त्याची शास्त्रीय चाचणी घेतली. मूल्यमापन झाले, आराखडे लिहिले गेले, फायली भरल्या. मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही आणि शिक्षकांच्या हजेरीतही नाही. तरी सरकारदरबारी कार्यक्रम यशस्वीच ठरला आणि देशभरातल्या लाखो शाळांत तो न्यायला सुरुवातही झाली होती. कागद पूर्ण असला की काम पूर्ण, ही आपली जुनी खोड. नेतृत्वाने काही होत नाही, असा या चाचणीचा अर्थ काढणारेही भेटतात. मला तो पटत नाही. त्या कार्यक्रमात शिकवण्याच्या पद्धतीला कुणी हातच लावला नव्हता. मग निकाल दुसरा काय येणार?

वर्गातून जाणारी वाट म्हणजे काय, हे एका वहीवरून पाहू. पाठनिरीक्षणाचे लॉगबुक बहुतेक शाळांत असते. त्यातले शेरे कोकणापासून विदर्भापर्यंत सारखेच: फलकलेखन सुवाच्य, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद समाधानकारक, शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा. खाली सही, शिक्का. हा शेरा गणिताला चालतो, भूगोलाला चालतो आणि तास न बघताही लिहिता येतो. आता त्याच्या शेजारी पाचवीतल्या एखाद्या मुलाची वही ठेवा. ५०२ वजा १७८, उत्तर लिहिले आहे ४७६. शिक्षक लाल फुली मारतात, शेजारी ३२४ लिहितात, वही तपासून झाली. पण ४७६ हे उत्तर अंदाजपंचे आलेले नाही. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून दोन, सातातून शून्य, पाचातून एक. त्याचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो नियम ते इमानाने पाळते, त्यामुळे पुढची वीस गणितेही तशीच चुकणार. पाचवीला आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांतून मुले येतात, तेव्हा अशी किती आहेत हे पहिल्या पंधरवड्यातच कळू शकते. मुख्याध्यापकांनी दोन्ही तुकड्यांच्या वह्या मागवल्या, गणिताच्या शिक्षकांबरोबर बसून चुकांचे गट पाडले, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास दशकाचे सुटे कसे करून दाखवायचे यावर बोलणे झाले आणि पंधरा दिवसांनी ते त्याच तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले, तर हे झाले शैक्षणिक नेतृत्व. याला निधी लागत नाही, उद्घाटन लागत नाही आणि याचा फोटोही चांगला येत नाही.

दहावीचा निकाल चांगला असताना हे नसते उद्योग कशाला, असे संस्थाचालक विचारतात. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. जिथे शंभरातली चौऱ्याण्णव मुले पास होतात तिथे निकालाच्या टक्क्यावरून शाळा-शाळांतला फरक कळत नाही. शिवाय कच्ची मुले नववीतच थोपवून किंवा पालकांना सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरायला सांगून टक्का राखण्याच्या युक्त्या शिक्षणक्षेत्रात कुणालाही नव्या नाहीत. प्रश्न पाचवीत आलेल्या मुलाचा आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २३.४ टक्के निघाली. २०२२ साली ती १६.३ टक्के होती. सुधारणा आहे, पण उरलेली तीन चतुर्थांश मुलेही वर्षावर्षाने वर सरकत माध्यमिक शाळेत येऊन दाखल होतात.

याहून वजनदार आक्षेप घराचा आहे. ज्यांना परवडते ते इंग्रजी माध्यमाकडे गेले. मराठी शाळेत उरली ती ज्यांच्या घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही अशी मुले. मग मुख्याध्यापक काय करणार? अमेरिकेत १९६६ साली कोलमन अहवालाने हेच सांगितले होते, की शाळेपेक्षा घर मोठे. मात्र १९८३ साली हेनेमन आणि लॉक्सली यांनी २९ देशांची आकडेवारी पाहिली तेव्हा गरीब देशांत चित्र उलटे दिसले. तिथे शाळा आणि शिक्षक यांचा वाटा घरापेक्षा जास्त निघाला, आणि भारत त्यातले ठळक उदाहरण होता. कारण उघड आहे. घरात पुस्तक नसलेल्या मुलाला जे काही मिळायचे ते शाळेतच मिळते. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले गावात रयत शिक्षण संस्था काढली ती याच हिशेबाने. त्यांची वसतिगृहे भरली ती ज्यांच्या घरून अभ्यासाला काडीची मदत नव्हती अशाच मुलांनी.

तरीही मुख्याध्यापकाला दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे आहे. त्याचा दिवस यू-डायस, सरल, शालार्थ, अपार यांच्या ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराचे तांदूळ आणि ‘आजच्या आज माहिती पाठवा’ असल्या व्हॉट्सॲप निरोपांत जातो. लिपिकाची जागा रिकामी, शिपायाचे पद जाऊन त्याऐवजी भत्ता आलेला. प्राथमिक शाळांची गत आणखी वाईट. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पटसंख्या १५० च्या वर गेल्यावर. वाडीवस्तीवरचा प्रभारी गुरुजी दोन वर्ग एकत्र शिकवता शिकवता प्रपत्रे भरतो. खासगी अनुदानित शाळांत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे सेवाज्येष्ठ शिक्षक मुख्याध्यापक होतो. ज्येष्ठता काढून टाका, असे म्हणणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. ज्येष्ठतेचा नियम गेला की ती खुर्ची संस्थाचालकाच्या पुतण्याकडे जायला वेळ लागणार नाही, आणि नियम आला तोही अशा अनुभवांतूनच. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत कोण मुख्याध्यापक होणार हे ज्येष्ठता यादीवरून आधीच कळत असते. या नियमाचा हा फायदा कुणी घेत नाही. त्या शिक्षकाला आधीपासून पाठनिरीक्षण, चाचणीचे विश्लेषण, सहकाऱ्याशी न दुखावता बोलणे हे शिकवता येईल. आपण मात्र सेवानिवृत्तीचा निरोपसमारंभ झाला की दुसऱ्या दिवशी किल्ल्या हातात देतो.

राहता राहिला एका माणसावर सगळे अवलंबून असण्याचा प्रश्न. दत्तात्रय वारे गुरुजींनी आधी शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी आणि मग खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा नावारूपाला आणली. जालिंदरनगरला २०२५ साली जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. असे गुरुजी जिल्ह्यात चार-दोनच असायचे. मला जास्त बोलके वाटते ते साताऱ्याजवळच्या कुमठे बीटचे उदाहरण. तिथे प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी होत्या, म्हणजे एका शाळेच्या नव्हे, तर अनेक शाळांच्या. साध्या जिल्हा परिषद शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहून, चर्चा करून ज्ञानरचनावादी पद्धत बसवली. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातून शिक्षक कुमठ्याला जाऊन आले, आणि गावोगावच्या शाळांच्या फरश्या तिथल्यासारख्या रंगल्या. रंग नेणे सोपे होते. शिक्षकांचे आपापसातले बोलणे फार थोड्यांनी नेले.

रयतसारख्या संस्थेला इथे मोठी सोय आहे. सातशेहून अधिक शाखा, बदल्यांची परंपरा, विभागवार देखरेख. एका शाखेत जमलेली गोष्ट दुसरीकडे नेणारे मुख्याध्यापक तिच्याकडे आपोआप फिरत असतात. तोट्याची बाजूही तीच: तीन-चार वर्षांत शाळेची नाडी हाती लागते न लागते तोच बदलीचा आदेश येतो, आणि चार्ज देताना डेडस्टॉक, कॅशबुक, जनरल रजिस्टर यांची पानापानाने मोजदाद होते. पाचवीतली कोणती मुले वजाबाकीत अडली होती, कोणत्या शिक्षकाबरोबर काय ठरले होते, कुठवर आले होते, याची वही चार्जच्या यादीत नसते. ती घालायला शासननिर्णयाची गरज नाही, संस्थेचे एक परिपत्रक पुरेल. जिल्हा परिषदेच्या शाळांत एका शाळेतले दुसरीकडे नेण्याचे हे काम केंद्रप्रमुखांचे; त्यांच्या रिक्त जागांविषयी पुढच्या आठवड्यात.