कालपरवा जन्मलेला किनारा

शाळेत आपण वाळूविषयी एकच गोष्ट शिकतो: डोंगर झिजतो, दगडांचे गोटे होतात, गोट्यांची रेती होते, आणि या साऱ्याला युगं लागतात. हवाई बेटाच्या पूर्व टोकाला पोहोइकी नावाचं ठिकाण आहे, तिथे हा धडा लागू पडत नाही. तिथली वाळू दगड झिजून झालेली नाही. तिचा एकेक कण क्षणार्धात तयार झाला, आणि अख्खा किनारा 2018 साली काही आठवड्यांत उभा राहिला. त्याआधी तिथे होती एक छोटी खाडी, मच्छीमारांच्या होड्या पाण्यात सोडायचा उतरता धक्का, आणि कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या आयझॅक हेल या स्थानिक जवानाच्या नावाचं बीच पार्क.

त्या वर्षी 3 मे रोजी किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्व उतारावरच्या लेलानी इस्टेट्स या वस्तीत जमीन फाटली आणि भेगांमधून लाव्हा उसळू लागला. एकूण 24 भेगा पडल्या. त्यांतल्या आठव्या भेगेतून तर लाव्हाची नदीच वाहिली. सुमारे 13 किलोमीटरची वाट कापून ती समुद्राला मिळाली, जूनच्या सुरुवातीला तिने कापोहोचा उपसागर बघता बघता बुजवून टाकला, सातशेहून अधिक घरं गिळली, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत पोहोइकीच्या अगदी दाराशी आली. धक्क्यापासून शंभर मीटरसुद्धा उरले नव्हते, तेव्हा ती थांबली. पार्क वाचलं.

पण समुद्रात एव्हाना वेगळाच कारखाना सुरू झाला होता. लाव्हा अकराशे अंशांहून जास्त तापलेला, आणि समोर अथांग गार पाणी. लाव्हा सावकाश निवला, तर त्यातल्या खनिजांना स्फटिक बांधायला सवड मिळते आणि आपल्या ओळखीचा दगड तयार होतो. पाण्यात ही सवडच मिळत नाही. अणू जिथल्या तिथे थिजतात आणि दगडाऐवजी होते ती काच. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला की ती तडकते, तसंच इथे होतं. फक्त थेंबाच्या जागी लाट असते. वरची साय तडकते, भेगांतून पाणी आत शिरतं, त्याची एकदम वाफ होऊन ती कित्येक पट फुगते आणि लाव्हाच्या ठिकऱ्या उडवते. त्या ठिकऱ्या म्हणजेच वाळू. मधल्या कुठल्याही पायऱ्या नाहीत.

हे दृश्य लांबूनच बघण्यासारखं. खाऱ्या पाण्यातून उठणाऱ्या पांढऱ्या ढगात नुसती वाफ नसते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात. 16 जुलैला अशाच एका स्फोटात उडालेला धगधगता दगड पर्यटकांच्या बोटीचं छप्पर फोडून आत आला आणि 23 जण जखमी झाले.

तयार झालेली वाळू प्रवाहाने उचलली आणि किनाऱ्यालगत वाहून पोहोइकीच्या खाडीत आणून टाकली. ऑगस्टमध्ये लाव्हा आटला, तोवर खाडीच्या तोंडाशी काळा बांध पडला होता. लाव्हापासून वाचलेल्या धक्क्याची वाट वाळूने बंद केली. डिसेंबरमध्ये पार्क पुन्हा उघडलं, तेव्हा लोक बघतच राहिले: जिथे होड्या तरंगायच्या तिथे अमावास्येसारखा काळा पट्टा, आणि त्याच्या पाठीमागे अडकून राहिलेल्या पाण्याची, जमिनीतल्या उष्णतेने कोमट झालेली तळी. पाहुण्यांना हे वरदान वाटतं. पण ज्यांची होडीच अडकली, त्या मच्छीमारांना किनारा सोडून दूरचा धक्का गाठावा लागला. माझ्या मते या जागेचं नवल सांगताना ही बाजू गाळणं बरोबर नाही.

या वाळूची चिमूट तळहातावर घेऊन भिंगाखाली धरावी. कोरडी असताना काळसर करडी दिसणारी वाळू ओली झाली की चकाकते. ताज्या कणांच्या कडा धारदार असतात, फुटलेल्या बाटलीच्या तुकड्याला असतात तशा वळणदार. लाटांनी घोळवलेले कण गुळगुळीत होत जातात. रंग मुख्यतः लोहाचा. मधूनच एखादा हिरवा ठिपका लुकलुकतो, तो ऑलिव्हिन. याच बेटाच्या दक्षिण टोकाजवळ पापाकोलेआला ऑलिव्हिन इतकं साचलं आहे, की तिथला किनाराच हिरवा दिसतो.

झटपट जन्मलेला किनारा झटपट जाऊही शकतो. लाव्हा थांबला की वाळूचा पुरवठा थांबतो. लाटांचं काम मात्र चालूच राहतं. या तरुण बेटाचे उतार समुद्रात तीव्र उतरतात, त्यामुळे खोल पाण्यात गेलेला कण परत येत नाही. कधी तर ज्याने दिलं तोच परत नेतो. पोहोइकीच्या नैऋत्येला कलापानाजवळ कायमूचा काळा किनारा नारळीच्या झाडांसाठी प्रसिद्ध होता. 1990 मध्ये तो सगळा लाव्हाखाली गाडला गेला. नव्या खडकाच्या कडेला पुन्हा काळी वाळू साचू लागली, तेव्हा लोकांनी तिच्यात नारळाची रोपं लावली. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या पुनालुऊ बीच पार्कमध्ये अशाच काळ्या वाळूवर हिरवी समुद्री कासवं ऊन खात तासन्तास पडून असतात. काळी वाळू लवकर तापते, आणि थंड रक्ताच्या जिवाला ती ऊब हवीच असते. तिथली वाळू उचलून नेण्याची परवानगी नाही, हे योग्यच आहे.

काळी वाळू आपल्याकडेही आहे. रत्नागिरीच्या मांडवीला लोक ‘काळा समुद्र’ म्हणतात. मूळ घराणं एकच, बेसॉल्टचं. पण जन्मकथा अगदी उलट. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी बहुतांशी जमिनीवर पसरला आणि सावकाश निवून दगड झाला. तो दगड कुजला, पावसाने धुतला, आणि त्यातलं जे कुजत नाही ते इल्मेनाइट, म्हणजे लोह-टायटॅनियमचं जड खनिज, नद्यांनी किनाऱ्यावर आणलं. लाटा हलके कण नेतात, जड काळे मागे ठेवतात. मांडवीची वाळू म्हणजे फार मोठ्या झिजेनंतर उरलेला गाळीव ऐवज. पोहोइकीच्या काचेला इतकं आयुष्य मिळायचं नाही. हवापाण्याने काचेची लवकरच माती होते.

आणि दख्खनचा लाव्हा ज्या तप्त स्थानातून वर आला असं बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात, ते विझलेलं नाही. भारताची भूमी त्याच्यावरून उत्तरेला सरकून गेली, आणि ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो. एप्रिल 2007 मध्ये त्याचा लाव्हा समुद्रात उतरला आणि ल त्रांब्ले गावाजवळ एक नवा किनारा तयार झाला. काळ्या वाळूचा, मधूनमधून हिरव्या ऑलिव्हिनची झाक असलेला.