जुन्या गाड्यांचं चार्जिंग: दोष कुठं असतो आणि खर्च कुठं होतो

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, सेल्फ मारला आणि आतून नुसतं ‘टक्’ ऐकू आलं, असं जुनी ॲम्बॅसिडर, फियाट किंवा जीप जपणाऱ्या घरांत अनेकदा घडतं. मग वर्ध्यात काय, हिंगणघाटात काय, ठरलेलं निदान मिळतं: “बॅटरी गेली भाऊ, नवीच टाका.” नवी बॅटरी येते. महिन्याभरात तीही उतरते. मग डायनामोवर आळ येतो, तो बदलला जातो आणि तरीही डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझत नाही. यातला बराचसा खर्च टाळता येण्याजोगा आहे, असं माझं ठाम मत आहे. दोष पुष्कळदा गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत, सैल बेल्टमध्ये किंवा डायनामो आणि बॅटरीची जोडणी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआऊटच्या काळवंडलेल्या पॉइंटमध्ये असतो, आणि साधा मल्टिमीटर तो दाखवून देतो.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची तीन घराणी वेगळी ओळखली पाहिजेत, कारण प्रत्येकीची विजेची रीत निराळी. ॲम्बॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली. ती १९५७ पासून २०१४ पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाड्याला तयार झाली. तिच्या जुन्या पिढीत लुकास पद्धतीचा डायनामो. ब्रिटिश वळणाच्या त्या काळच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असे. हे ठाऊक नसताना कुणी नेहमीच्या सवयीनं ऋण टोक अर्थ केलं, की गोंधळाला सुरुवात झालीच. फियाट मात्र मराठी माणसाची हक्काची गाडी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली, १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली, आणि मुंबईच्या टॅक्सीतून ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. जुन्या फियाटला डायनामो, नंतरच्या पद्मिनीला अल्टरनेटर. तिसरी जीप. पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारामुळे ती वर्धा जिल्ह्याला परकी नाही. युद्धकाळातली विलीज जीप तर ६ व्होल्टची होती. तिला १२ व्होल्टचा बल्ब लावून उजेड नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

वर्ध्याचा उन्हाळा हा या विषयातला स्वतंत्र गुन्हेगार आहे. मे महिन्यात बाहेरच पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेनं बॅटरीतली रासायनिक झीज झपाट्यानं वाढते, पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात. अशा हवेत चार्जिंगचा व्होल्टेज थोडा कमीच हवा. तो १५ च्या घरात गेला तर बॅटरी अक्षरशः उकळते. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी. नळाचं किंवा बोअरचं पाणी कधीही घालू नये, त्यातले क्षार प्लेटांचं आयुष्य खातात.

आता मोजणीकडे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. इंजिन सुरू करून थोडी रेस दिली की आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. आला, तर चार्जिंग ठीक आहे आणि संशय बॅटरीवर किंवा उभ्या गाडीत वीज खाणाऱ्या एखाद्या वायरीवर घ्यावा. आकडा हललाच नाही, तर आधी बेल्ट दाबून पाहावा. अंगठ्यानं दाबल्यावर तो एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जात असेल तर ताणून घ्यावा.

त्यानंतर अर्थिंग. ही कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते आणि नेमकी तीच गॅरेजमध्ये टाळली जाते. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टोकावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरी डायनामोच्या अंगावर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. पाऊण किंवा एक व्होल्ट दिसला तर तेवढी वीज वाटेतच जिरते आहे. पट्टी सोडवली की खाली रंग, गंज आणि तेलाचा थर दिसतो. पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घासायचं, पट्टी आवळायची, वरून व्हॅसलीन लावायचं. बस.

एवढं करूनही चार्जिंग नसेल तर डायनामो तपासावा. ॲम्बॅसिडरच्या लुकास पद्धतीच्या डायनामोवर डी आणि एफ अशी दोन टोकं असतात. दोन्ही वायरी काढाव्यात, टोकं एका उघड्या तारेनं एकमेकांना जोडावीत, मीटर तिथं आणि सांगाड्यावर लावून हलकेच रेस द्यावी. व्होल्टेज न थरथरता चढला तर डायनामो निर्दोष. २० च्या पुढे मात्र जाऊ देऊ नये. अर्ध्या-एक व्होल्टवरच अडकला तर फील्डच्या वेटोळ्यात खोट. काहीच दिसलं नाही तर कार्बन झिजलेत किंवा आर्मेचर काळं पडलंय. ते पेट्रोलच्या फडक्यानं पुसल्यावर पुष्कळदा जिवंत होतं. जीपच्या अमेरिकन डायनामोला ही रीत चालत नाही, तिथं फील्डचं टोक अर्थ करावं लागतं. डायनामो ठीक असेल तरच कटआऊट उघडावा. त्याचे पॉइंट चिकटून राहिले तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होते आणि वायरी जळण्याची भीती असते. तेव्हा आधी बॅटरीचं टोक काढावं.

इथं एक सवय कायमची मोडली पाहिजे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर उपटून “गाडी चालते, म्हणजे चार्जिंग आहे” असं सिद्ध करणं. अल्टरनेटरच्या गाडीत यानं डायोड क्षणात जातात. पद्मिनीच्या मालकानं हे कुणालाही करू देऊ नये. उलट, चार्जिंगचा बल्ब उडालाय का ते पाहावं. अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बातूनच मिळतो, त्यामुळे बल्ब गेला तर चांगला अल्टरनेटरही गप्प बसू शकतो.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का, हे सगळेच विचारतात. डायनामोची ताकद २०-२२ अँपिअरची, तीही वेगात. आयडलिंगला लाल दिवा मिणमिणणं हा त्याचा स्वभावच आहे. त्यावर १०० वॉटचे दोन हॅलोजन लावले की सोळा-सतरा अँपिअर तिथंच संपतात. मी हॅलोजन काढायला सांगेन, डायनामो नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, आणि ती मूळ रूपात असावी ही तिची अट आहे. अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. ती शेडमध्ये उभी राहते, म्हणून तिची बॅटरी महिन्यातून एकदा बाहेरच्या चार्जरवर लावणं हाच खरा इलाज आहे.

डायनामो बांधणारे, कटआऊटचे पॉइंट फीलर गेजनं बसवणारे ऑटो इलेक्ट्रिशियन आता उतारवयात आहेत. वर्ध्याच्या शासकीय आयटीआयनं त्यांतल्या एखाद्याला बोलावून मुलांसमोर एक जुना डायनामो उघडून दाखवावा, आणि ज्यांच्या अडगळीत असा डायनामो पडून आहे त्यांनी तो भंगारात न घालता तिथं द्यावा.