राबाची राख आणि युरियाची गोणी

मुरबाड-शहापूरकडे खताची गोष्ट राबापासून सुरू होते. होळी झाली की खाचराच्या एका कोपऱ्यात शेण पसरायचे, त्यावर तोडलेला पाला, मग गवत, वर थोडी माती. वाऱ्याचा अंदाज घेऊन ते सावकाश जाळायचे. तण मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळते आणि आवण, म्हणजे लावणीची भातरोपे, मुळांसकट अलगद उपटून येते. जंगलातून राबाचा पाला तोडण्यावर बंधने आली, तेव्हा ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष उसळला की मुंबई सरकारला 1885 मध्ये वन आयोग नेमावा लागला.

राब मात्र आवणापुरता. लावणीच्या खाचराला शेणखतच लागे, आणि ते गोठ्यातून येई. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेतला बैलबाजार आजही नावाजलेला आहे, पण गावात नांगरणी-चिखलणीला पॉवर टिलर आला, गोठे रिकामे झाले आणि उकिरडे आटले. त्यांची जागा युरियाने घेतली. पहिल्या वर्षी भात असा काळाभोर दिसला की सगळे हरखून गेले. माझ्या मते फसगत तिथेच झाली. आपण खत जोखले ते एका हंगामाच्या रंगावर.

जमीन एवढ्या लवकर बोलत नाही. इंग्लंडातल्या रॉथमस्टेडला 1843 पासून एकाच शेतात गहू घेऊन खतांचा हिशोब ठेवला जातो आहे. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1970 मध्ये 11 केंद्रांवर असे दीर्घकालीन प्रयोग सुरू केले. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988 पासून खरिपात ज्वारी आणि रब्बीत गहू, अशी फेरपालट त्याच त्या तुकड्यांवर चालू आहे. एका तुकड्याला काहीच नाही, एकाला फक्त नत्र, एकाला नत्र-स्फुरद, एकाला नत्र-स्फुरद-पालाश, एकाला त्याच्या जोडीला शेणखत. वर्षामागून वर्षे गेली आणि चित्र स्पष्ट झाले. नुसत्या नत्राचा तुकडा मागे पडला. तिन्ही अन्नद्रव्यांसोबत शेणखत मिळालेला तुकडा उत्पादनात पुढे राहिला आणि त्याच्या मातीतला सेंद्रिय कर्बही वाढला. गंधक नसलेली खते वापरली तिथे मातीतले गंधक घटत गेले.

अकोल्याची काळी जमीन वेगळी, आमची धुवाधार पावसात धुपणारी भातजमीन वेगळी, हे खरे. पण इथेही फेरपालट आहेच. भात कापला की उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात. स्फुरद आणि पालाश मात्र त्या आणू शकत नाहीत. त्यातच भाताने घेतलेले बहुतेक पालाश पेंढ्यात असते, आणि पेंढा आपण शेताबाहेर नेतो.

या सगळ्यात मला सर्वात मोलाची वाटते ती डॉ. ना. के. सावंत यांची चारसूत्री भातशेती. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा जमिनीला परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, 15 आणि 25 सेंटिमीटर अंतराची आलटून-पालटून नियंत्रित लावणी करायची आणि त्याच दिवशी दर चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) चौकोनात युरिया-डीएपीची एक गोळी हाताने खोल खोचायची. गोळी अवघ्या 2.7 ग्रॅमची. वरून फेकलेला युरिया आमच्या पावसात पाण्याबरोबर बांधाबाहेर जातो; चिखलात पुरलेली गोळी मुळाशी राहते. एकरी सुमारे 25,000 गोळ्या खोचायच्या म्हणजे कंबर मोडते, आणि लावणीला माणसे मिळत नाहीत तिथे ही पद्धत मागे पडते. यात शेतकऱ्याचा दोष नाही.

दोष दरांच्या रचनेत आहे. 2010 मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातून युरिया तेवढा वगळला. स्फुरद-पालाश महागले, युरियाची 45 किलोची गोणी अजून 266 रुपयांच्या घरातच. हाताशी पैसे कमी असलेला माणूस कोणती गोणी उचलणार?

सरकारने हे दर सुधारायला हवेत. तोवर आपण एक करू. वाल निघाला की माती तपासून घ्या. मग एक गुंठा आखा, त्याला दरवर्षी तेवढेच शेणखत आणि तेवढेच खत द्या, शेजारच्या गुंठ्याला फक्त युरिया. दोन्हींचे भात वेगळे झोडा, वेगळे तोला आणि वहीत लिहा. निदान दहा पावसाळे ही वही बंद करू नका.