वारा सुटला की विस्तव आवरा!

मार्च उजाडला की रायगडच्या किनारपट्टीवर गवत खडखडीत वाळते. मुरुड-रोह्याकडचे फणसाडचे रान असो की श्रीवर्धन-म्हसळ्याचे डोंगर, एका जळत्या थोटकाने वणवा लागायला वेळ लागत नाही. सकाळी राबात शांत दिसणारा विस्तव, दुपारी समुद्राकडून वारा सुटला की बांध ओलांडतो. चढणीवर तर आग अधिकच वेगाने धावते, कारण ज्वाळेच्या धगीने वरचे गवत आधीच तापलेले असते.

आपल्या अनेक बौद्धवाड्या गावाच्या टोकाला, रानाला लागून आहेत. वणवा उतरला तर पेंढ्याची उडवी, सरपण, गोठा आणि काजूची चार कलमे आधी आपलीच जातात.

1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. वनाधिकाऱ्याने ठरवून दिलेला काळ सोडून तिथे विस्तव पेटवणे किंवा नेणेही गुन्हाच. काही बांधव विचारतात, "बंदी गरिबालाच का?" प्रश्न खोटा नाही. राबाशिवाय भाताचे रोप कसे करायचे, ही अडचण खरी आहे. पण ही बंदी पाळली तर गरिबाचेच घर वाचते, हेही तितकेच खरे.

त्याच 1927 साली, 25 डिसेंबरला, याच जिल्ह्यातील महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्यासाठी आधी खड्डा खणला होता. ती आग विचाराने पेटवलेली होती, बेफिकिरीने लागलेली नव्हती. हा फरक आपण विसरता कामा नये.

म्हणून राब पहाटे, वारा पडलेला असताना भाजावा. आधी भोवतालचे गवत काढून पट्टा मोकळा करावा. पाण्याचे हंडे, हिरव्या डहाळ्या आणि चार माणसे जवळ ठेवावीत. राख पाणी मारून थंड झाल्याशिवाय जागा सोडू नये. माता-भगिनींनी चुलीतली राख विझवूनच टाकावी.

14 एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येतात. मेणबत्त्या विहारात, पडद्यांपासून दूर लावाव्यात. फटाके टाळून ते पैसे मुलांच्या वह्यांना द्यावेत. धूर दिसताच पोलीस पाटील, वनरक्षक यांना कळवावे.

बाबासाहेबांनी दिलेली जागृती ती हीच. जयभीम!