पेरणी आधी की शाळेची फी? इंग्रजी शाळेत नाव घालण्याआधी मांडायचा हिशेब

औसा : जून लागला की शेतकऱ्याच्या खिशाला दोन ठिकाणची ओढ लागते. एकीकडे बियाणं-खताचं दुकान, दुसरीकडे लेकराची शाळा. औसा तालुक्यातल्या एका गावात तीन एकरवाल्या शेतकऱ्याने आडत्याकडून ३० हजारांची उचल घेतली, त्यातले १२ हजार इंग्रजी शाळेच्या पहिल्या हप्त्याला गेले. मग बियाण्याच्या बॅगा कमी आणल्या आणि राहिलेल्या रानात घरचंच सोयाबीन चाळून पेरलं. "बी घरचं चालतं, फी घरची चालत नाही," असं तो म्हणतो. त्याचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. मुलगी मात्र गावातल्या झेडपीच्या शाळेत दुसरीला. त्या मुलीचा विषय पुढे येईलच.

गावोगाव पिवळ्या व्हॅन फिरायला लागल्या तसा हा प्रश्न घरोघरी आला. शेजाऱ्याचं पोरगं टाय लावून जातं, आपलं चप्पल घालून जातं, हे बघून आईबापाच्या जिवाला लागतं. ते लागणं खोटं नाही. पण फी भरायची की नाही हे जिवाला लागण्यावर ठरवू नये. आधी कागदावर मांडावं.

समजा फी वर्षाला १८ हजार आहे. माहितीपत्रकावर तेवढीच लिहिलेली असते. व्हॅनचे महिन्याला ९०० धरले तर दहा महिन्यांचे ९ हजार. वह्या-पुस्तकं साडेचार हजार. दोन गणवेश, खेळाचा ड्रेस, बूट, टाय मिळून साडेतीन हजार. शिकवणी महिना ५०० म्हणजे ५ हजार. गॅदरिंग, सहल, परीक्षा फी दीड हजार. बेरीज होते ४१ हजार ५००.

आता हाच आकडा रानात मोजून बघा. एकरी ८ क्विंटल सोयाबीन झालं आणि २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने सगळं विकलं, तरी हातात येतात ४२ हजार ६२४. म्हणजे एका लेकरामागे एक अख्खा एकर गेला. त्यात अजून बियाणं, फवारणी, कापणी, मळणी वजा केलेली नाही. आणि हमीभाव बाजारात कितीदा मिळतो ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

हा खर्च दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढला तर पहिली ते दहावी एका मुलाचे सहा लाख होतात. दोन मुलांचे बारा.

शिकवणीचे पैसे या हिशेबात का, असं कोणी विचारेल. शाळेचा होमवर्क बापाच्या व्हॉट्सॲपवर इंग्रजीत येतो. बाप रानात, आईला इंग्रजी वाचता येत नाही. मग संध्याकाळी गल्लीतल्या कोणातरी ताईकडे लेकराला बसवावं लागतं. ती ताई उत्तरं लिहून देते, लेकरू ती उतरवून काढतं आणि शाळेत वहीवर 'गुड' मिळतं. ज्या घरात इंग्रजी वाचणारं कोणी नाही, त्या घराला इंग्रजी शाळेसोबत शिकवणी घ्यावीच लागते. हा खर्च माहितीपत्रकात कधीच नसतो.

पैसे देऊन शिकणं वाढतं का?

या प्रश्नावर तेव्हा आपल्याला लागून असलेल्या राज्यात मोठा अभ्यास झालेला आहे. २००८ च्या सुमारास आंध्र प्रदेशातल्या १८० गावांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी सरकारी शाळेतल्या मुलांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना खासगी शाळेत जाण्याचा खर्च मिळाला, बाकीची मुलं होती तिथेच राहिली. चार वर्षांनी दोन्हींची परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात फरक निघाला नाही. हिंदीत खासगीवाली मुलं पुढे होती, कारण तो विषय तिथे जास्त शिकवला जात होता. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातली दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. त्या खासगी शाळांचा एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी होता. म्हणजे कमी पैशात त्या तेवढंच शिकवत होत्या. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण तो खर्च कमी असल्याचा फायदा सरकारी तिजोरीच्या हिशेबात दिसतो. गावातल्या बापाला एका शाळेत काही भरावं लागत नाही आणि दुसरीत ४१ हजार भरावे लागतात. वाचन-गणित सारखंच येणार असेल तर हा जास्तीचा पैसा कशासाठी जातोय, ते त्यानेच ठरवायचं.

अर्थात कशासाठी जातोय याला खरी उत्तरंही आहेत. आपल्याकडे कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत दोनच शिक्षक असतात. पट २२ असला तरी वर्ग चार-पाच, शिक्षक दोन. एक गुरुजी प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की राहिलेले गुरुजी सगळी शाळा सांभाळतात, शिकवणं बाजूला पडतं. खासगी शाळेत निदान प्रत्येक वर्गावर माणूस उभा असतो. झेडपीच्या शाळेत वर्षभर हेच चाललं असेल आणि शाळा व्यवस्थापन समितीत बोलूनही काही हललं नसेल, तर लेकरू बाहेर काढणाऱ्या बापाला कोणी दोष देऊ नये. त्या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. पण बैठकीला जातं कोण, हा प्रश्न आहेच.

उलटही उदाहरणं आहेत. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ घेऊन आले. सगळ्या शाळा तशा नसतात, पण झेडपी म्हटलं की वाईटच, असंही नसतं. शाळेवरची पाटी बघून काही कळत नाही. लेकराला काय येतं ते बघावं लागतं.

ते घरीच बघता येतं. 'प्रथम' संस्थेची माणसं 'असर' पाहणीसाठी गावात घरोघर येतात तेव्हा हेच करतात. दुसरीच्या पातळीची सात-आठ ओळींची गोष्ट लेकराला वाचायला द्यायची. मग हातच्याची वजाबाकी, उदाहरणार्थ ५२ वजा २७. मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगायचं. पाचवीतल्या मुलाला हे तिन्ही आलं पाहिजे. इंग्रजी शाळेतल्या मुलाला त्याच्याच पुस्तकातला न शिकवलेला धडा द्या आणि वाचून झाल्यावर त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा. घडाघडा वाचलं आणि अर्थ सांगता आला नाही, तर फी पाठांतराला चालली आहे. नाव घालायच्या आधी त्याच शाळेत जाणाऱ्या शेजारच्या चौथीतल्या पोरावर हा प्रयोग करून बघावा. दहा मिनिटांचं काम आहे.

कोणत्या वर्षी किती

बरेच जण पहिलीतच सगळी ताकद लावतात आणि दहावीला रिकामे होतात. आपल्या जिल्ह्यात तर खरा खर्च दहावीनंतर सुरू होतो. लातूरला अकरावी-बारावी, क्लास, खोली, मेस धरून वर्षाला लाखाच्या पुढे लागतात. तिथे झेडपीच्या शाळेतून आणि तालुक्याच्या अनुदानित हायस्कूलमधून आलेली कितीतरी मुलं बसलेली असतात. पहिली-दुसरीला दिलेले ४०-४० हजार बाजूला ठेवले असते तर याच वेळी कामाला आले असते.

मधला रस्ताही आहे. अनेक झेडपी शाळांत आणि हायस्कूलला सेमी इंग्रजी आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. मराठी पक्की झालेलं मूल सेमीला सरकतं. पण सातवीपर्यंत इंग्रजीत शिकून पैसे संपले म्हणून मराठी शाळेत आलेल्या मुलाला इतिहास-भूगोल नव्याने वाचायला शिकावा लागतो. म्हणून दहावीपर्यंत निभेल एवढी खात्री नसेल तर इंग्रजी माध्यमात पाय टाकताना चारदा विचार करावा. खात्री म्हणजे, मध्ये दोन वर्षं नापिकी गेली तरी निभेल अशी.

अजून एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. पण ही परीक्षा फक्त सरकारी, झेडपी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच देता येते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतलं मूल कितीही हुशार असलं तरी बसता येत नाही. नवोदयला मात्र असं बंधन नाही. मूल तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेलं असलं म्हणजे ग्रामीण कोट्यात बसतं आणि निदान ७५ टक्के जागा त्या कोट्याच्या असतात. तालुक्याच्या गावी नगरपरिषद हद्दीतल्या शाळेत घातलं की हा कोटा हातचा जातो, हे पाचवीत फॉर्म भरताना कळून उपयोग नसतो.

फी न भरता इंग्रजी शाळा

आरटीईतून २५ टक्के जागा मिळतात. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. त्यामुळे योजना चालू आहे. एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी, एसबीसी आणि दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. बाकीच्यांना एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने, आणि घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं. तहसीलचे दाखले ऐनवेळी निघत नाहीत, म्हणून दिवाळी झाली की कामाला लागावं.

यात एक मेख आहे. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी सुरू होते. आणि व्हॅन पहिल्या दिवसापासून आपल्याच खर्चाने.

नाव घालण्याआधी शाळेचा ११ अंकी यू-डायस नंबर मागून घ्यावा आणि मान्यता कितवीपर्यंत आहे ते विचारावं. चौथीपर्यंतच मान्यता असताना वरचे वर्ग चालवले जात असतील तर दाखल्याच्या वेळी आईबापाची धावपळ होते. प्रत्येक हप्त्याची छापील पावती घ्यावी. देणगी घेणं आणि प्रवेशासाठी लेकराची किंवा आईबापाची मुलाखत घेणं कायद्याने बंद आहे. वह्या-गणवेश अमुकच दुकानातून घ्या, अशी सक्तीही शाळेला करता येत नाही.

आता त्या मुलीचं. मुलगा इंग्लिशला आणि मुलगी झेडपीला, असं वाटप असलेली घरं या भागात कमी नाहीत. विचारलं तर उत्तर येतं, "दोघांची झेपत नाही." खरंच झेपत नसेल. पण मग दोघांना अर्धं-अर्धं का नाही, किंवा दोघंही झेडपीला घालून शिकवणी दोघांना का नाही, हा हिशेब घरात कोणी मांडत नाही. मुलीला तालुक्याच्या हायस्कूलला जायला एसटीचा पासही मोफत मिळतो. म्हणजे जिच्यावर कमी खर्च होतो तिच्यावरच तो कमी करायचं, असं चालत राहतं.

वरच्या शेतकऱ्याच्या घरी झालं असं. सलग दोन वर्षं अतिवृष्टीने सोयाबीन काळं पडलं, फीचे २७ हजार थकले. शाळेने निकाल अडवला आणि बाकी भरल्याशिवाय टीसी मिळणार नाही असं सांगितलं. बाप दोन महिने गप्प बसला, मुलगा घरी. शेवटी बायकोने झेडपीच्या मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, टीसी नसला तरी लेकराला उद्याच पाठवा." आरटीई कायद्यात तसंच आहे. टीसी यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि टीसी लगेच देणं आधीच्या मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे. ऑनलाइन नाव जुन्याच शाळेत अडकून राहिलं होतं. त्यासाठी केंद्रप्रमुखांकडे आणि मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. महिनाभराने नाव सरकलं.

आता बहीण-भाऊ दोघंही एकाच शाळेत जातात. मुलगा सुरुवातीला मराठी वाचताना अडखळत होता, रात्री बहीण त्याला वाचून दाखवायची. २७ हजारांपैकी दहा हजार त्याने सोयाबीन विकल्यावर भरले, बाकीचे हरभऱ्यावर देतो असं लिहून दिलंय. यंदा बियाण्याच्या बॅगा पूर्ण आणल्या.